लग्नाला चाललोय असं सांगितलं

२ फेब्रुवारी, सोमवार
इंटरव्ह्यूचा फोन आला. शुक्रवारी, नवा रायपुर. स्टोअर सुपरवायझर, जागा एकच. दिवाळीत आमचं गोडाऊन बंद झालं तेव्हापासून घरी बसलोय. ही नोकरी हुकली तर कठीण आहे. गोडाऊनमधला नीलेश याच जागेवर टपलेला असणार. काल देवळात भेटला तर फार गोड बोलला. उगीच कोण गोड बोलतं?
ठराव: आमच्या बूढ़ापारा मोहल्ल्यात कोणालाही पत्ता लागू द्यायचा नाही. विचारलंच तर भिलाईला मावसभावाचं लग्न आहे म्हणायचं. फक्त बायकोला, नीलिमाला सांगितलं. कोणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो.

३ फेब्रुवारी
नीलिमा म्हणाली, साधा पांढरा शर्ट घाला, दाढी करा, झालं. एवढं सोपं असतं तर सगळ्यांनाच नोकऱ्या लागल्या असत्या. संध्याकाळी तिच्या भावाचा, अनिमेषचा फोन. तोही पांढरा शर्टच म्हणाला. दोघांचं एकमत, म्हणजे आधी ठरलेलं.

४ फेब्रुवारी
सलून. राकेशच्या जिभेला हाड नाही, म्हणून त्यालाही लग्नच सांगितलं. म्हणाला, तब तो भैया, गोल्ड फेशियल बनता है. नाही म्हटलं असतं तर त्याला संशय आला असता. केस काळे झाले, मिशीही. कानाजवळ थोडी कातडीसुद्धा. नीलिमा बघून हसली नाही. का हसली नाही?

५ फेब्रुवारी
शेजारचा हरिदास आला. त्याला लग्नाचं कसं कळलं? राकेशच! म्हणाला, भाऊ, लग्नाले जाऊन राहिले अन् घालायले काय आहे तुमच्यापाशी? स्वतःचा मरून जोधपुरी कोट अन् अत्तर देऊन गेला. एवढा उदार काहून? कोटाचे खिसे उलटे करून पाहिले. एक लवंग निघाली.
प्लॅन पक्का: गल्लीतून कोटात निघायचं, पांढरा शर्ट पिशवीत, वाटेत बदलायचा. असलं डोकं नीलेशला सात जन्मात मिळणार नाही.

६ फेब्रुवारी, संध्याकाळ
सकाळी हरिदास स्कूटर घेऊन दारात हजर. भिलाईच्या गाडीत बसवून देतो म्हणे. नव्या रायपुरच्या उलट दिशेला स्टेशन! तिथून त्याला कसाबसा पिटाळला, तर शर्टाची पिशवी त्याच्या स्कूटरच्या हुकालाच. राहिली की ठेवून घेतली?
ऑटोने धावतपळत पोचलो. बाहेर दुसरा उमेदवार नाही. बाकीच्यांना वेगळ्या खोलीत दडवलं असणार. आत एक साहेब, एक मॅडम. कामाचं विचारलं, सगळं चोख सांगितलं. साहेब खूश दिसले. मग मॅडमने कोटाकडे पाहून विचारलं, कहीं शादी में जा रहे हैं क्या?
मी लगेच ओळखलं. ही नीलेशची माणसं. डगमगलो नाही. म्हटलं, हाँ, भिलाई, मौसी के लड़के की. साहेबांनी घड्याळ पाहिलं. अरे, तो निकलिए, बारात छूट जाएगी, म्हणाले. फाइल मिटली. दारापर्यंत सोडायला आले.

७ फेब्रुवारी
फोन करून विचारलं. घेतलं नाही. म्हणाले, नोकरीची गरज असलेला माणूस हवाय, जाहिरात पुन्हा देतोय. काल एकूण किती जण आले होते, विचारलं. आप अकेले थे.
नीलिमाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, मंग तुम्ही हरले तरी कोणाशी?
फार वाईट वाटलं. हा प्रश्न तिला कोणी शिकवला, तेसुद्धा विचारावंसं वाटलं नाही.