एकाच डोळ्याच्या लांब पापण्या

९ जानेवारी

ताईला काचबिंदू! चष्म्याचा नंबर काढायला गेली आणि हे घेऊन आली. फोनवर मला आधी मोतीबिंदूच वाटला. म्हटलं, पिकला की काढून टाकतील, त्यात काय! तर म्हणाली, "अगं तो वेगळा. हा काढता येत नाही. डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि मागची नस सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेची नजर जाते आणि आपल्याला पत्ताच नसतो." डावा डोळा बिघडलाय, उजवा अजून धड आहे. रोज झोपताना डाव्या डोळ्यात एक थेंब. कायमचा.

तपासणीची मात्र तिने गंमत करून सांगितली. "पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये तोंड घालून बसवलं. समोर बघत राहायचं, आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. व्हिडिओ गेमच! पण हरले." मीही हसले.

फोन ठेवताना म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्या. तू जाऊन ये." मी? दिवसभर लोकांच्या भुवयांचा एकेक केस टिपते मी. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय!

१७ जानेवारी

वॅक्सचं भांडं पुन्हा कोपर लागून सांडलं. फरशी खरवडता खरवडता जीव गेला. नवरोबा म्हणे, "रोज त्याच जागी असतं, तरी दिसत नाही?" — आधी मदतीला या, मग बोला!

२६ फेब्रुवारी

ताई केस रंगवायला आली होती. आरशात बघते तर काय — डाव्या डोळ्याच्या पापण्या लांबसडक, काळ्याभोर, वर वळलेल्या! उजव्याच्या आहेत तशाच, चार इकडे चार तिकडे. थेंबांनी होतं म्हणे असं. पापणीची कातडीही जराशी काळवंडलीय. म्हटलं, "बाटली इथेच ठेवून जा, पार्लरसमोर रांग लागेल!" ताई इतकी हसली की केसांचा रंग कपाळावर आला.

डोळा लाल असतो म्हणाली. त्याने वैताग येतो. बाकी काही नाही.

२२ मार्च

छकुलीचं लग्न मे महिन्यात! (आता कसली छकुली, माझ्यापेक्षा वीतभर उंच झालीय माझी भाची.) नवरीचा मेकअप मीच करणार, नवरीच्या आईचाही.

आज ताईचा मेकअप करून पाहिला. चेहरा जुळतच नाही. काहीही करा, एक डोळा टपोरा आणि लाल, दुसरा झोपाळलेला. फोटो काढून दाखवला तर बिचारीचं तोंडच उतरलं. मग मीच म्हटलं, "लग्नापर्यंत थेंब बंद ठेव की. काही त्रास होतोय का तुला?"

"त्रास काहीच नाही."

"मग झालं तर!"

"डॉक्टरीणबाई ओरडतील गं."

"त्यांना कुठे फोटोत उभं राहायचंय!"

हसलो दोघी. बाटली माझ्यासमोरच तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.

१९ एप्रिल

डोळ्याची लाली गेली. पापण्याही हळूहळू जागेवर येतायत. ताई खूश.

१८ मे

लग्न झालं. छकुली सुंदर दिसत होती, पण सगळ्यांनी विचारलं ते ताईबद्दल — "मेकअप कुणी केला?" दोन्ही डोळे अगदी एकासारखा एक. मी फुशारक्या मारत फिरले. पाय मोडायला आले, पण झोप येत नाहीये आनंदाने.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तोल गेला माझा. भावोजींनी धरलं. साडी पायात आली असणार.

३० जून

बँकेतल्या बाई थ्रेडिंग करून गेल्या आणि परत आल्या. "एका भुवईच्या टोकाचे केस तसेच राहिलेत हो." लाज वाटली. आजवर कुणी असं बोललं नव्हतं. ट्यूबलाइटच मेली मंदावलीय. उद्या बदलते.

ताईला विचारलं, थेंब सुरू केलेस का? "करते गं. डोळा कसा स्वच्छ वाटतोय, पुन्हा लाल करायचा जिवावर येतं." मी विषय बदलला.

१ जुलै

नवी ट्यूबलाइट. लख्ख उजेड.

१४ ऑगस्ट

ताई ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते, तिथल्या गाडीखाली एक सायकलवाला आला. वाचला. मनगट मोडलंय, पण वाचला.

गाडी शिकणारी एक बाई चालवत होती. ताई नेहमीसारखी शेजारी, डाव्या सीटवर, तिच्या पायाशी तिचा वेगळा ब्रेक. डावीकडे वळायचं होतं. ताईने डावीकडे पाहिलं आणि म्हणाली, "घ्या वळवून, रिकामं आहे." रिकामं नव्हतं.

सायकलवाला पोस्टातला आहे, साधा माणूस. उलट तोच ताईची समजूत घालत होता. ताई एकच वाक्य धरून बसलीय — "मी बघितलं होतं. खरंच बघितलं होतं. रिकामं होतं." इतकी वर्षं बायकांना गाडी शिकवतेय, कधी खरचटलंसुद्धा नव्हतं कुणाला.

मला आतून कळलंय. कुणाला सांगू?

१६ ऑगस्ट

मी गेले ताईबरोबर. पुन्हा ते वाडग्याचं मशीन. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला. डाव्या डोळ्याचा जुना — कडेला काळा डाग. नवा — डाग पसरून अर्ध्याच्या वर. मला त्यातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं.

"थेंब नियमित घालत होता?"

ताई म्हणाली, "मध्ये विसरले."

विसरले! मी शेजारीच बसले होते. तोंड उघडून एवढं म्हणायचं होतं — ती विसरली नाही हो, मी बंद करायला लावले. म्हटलं नाही. मांडीवरच्या पर्सची चेन उघडत आणि लावत बसले.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "गेलेली नजर परत येत नाही. आहे ती राखायची, थेंब त्यासाठीच असतात. बरं वाटावं म्हणून नसतात. आणि गाडी आता नको."

१७ ऑगस्ट

आज दुपारी ड्रॉवर आवरायला काढला. आत खोट्या पापण्यांची पाकिटंच पाकिटं. दिवसभर हेच तर विकते मी! ताईच्या उजव्या डोळ्याला एक जोडी चिकटवली असती की काम झालं असतं. नाहीतर कात्री होती, डाव्याच्या जराशा कापायच्या. लाली लपवायलाही शंभर उपाय होते. हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं, आणि मला सुचलं काय तर औषध बंद कर.

पाकिटं तशीच ठेवून रडले. बाहेर बाकावर दोघीजणी फेशियलसाठी थांबल्या होत्या.

२३ ऑगस्ट

ताईला सांगितलं एकदाचं. तिच्याच स्वयंपाकघरात, ती भांडी विसळत असताना. "ताई, माझ्यामुळे झालं."

तिने नळ बंद केला. "तू म्हणालीस, मी ऐकलं. लहान आहे का मी? आणि लग्नानंतर कोण आडवं आलं होतं? मला वाटलं, दुखत नाही म्हणजे बरंच आहे."

मी पुन्हा तेच सुरू केलं तर चिडली. "पुरे! रडून माझी नजर परत येणार आहे का? तुला खरंच काही करावंसं वाटत असेल तर स्वतः तपासून घे. जानेवारीपासून सांगतेय." जाते म्हटलं. पण खरं सांगायचं तर मनात तेव्हाही नव्हतं. तिचा डोळा घालवून बसले मी, आता स्वतःचे कसले लाड!

५ सप्टेंबर

ताईने स्कूलच्या किल्ल्या मालकांना परत दिल्या. माहेरी आलेली छकुली म्हणते, आई खिडकीत बसून गाड्या वळताना बघते आणि पुटपुटते, "आरसा बघ बाई, आरसा बघ."

मी आता रोज झोपायच्या वेळी फोन करते. "घातलास?" "घातला." एवढंच बोलणं.

१९ सप्टेंबर

ताईच मला धरून घेऊन गेली, पार्लरला कुलूप लावून! नाहीतर मी अजून महिना काढला असता.

मशीन मात्र भंगार आहे. दिवे मध्येच बंद पडायचे. बराच वेळ काहीच नाही, मग एखादा लुकलुकायचा, पुन्हा सगळं गप्प. बटण धरून नुसती ताटकळत बसले. दुसऱ्या डोळ्यालाही तेच. शेवटी तपासणाऱ्या मुलीला म्हटलं, "अहो, मशीन अडकतंय बहुतेक." ती म्हणाली, "तुम्ही समोर बघत राहा."

बाहेर येऊन ताईला सांगितलं, तुझा व्हिडिओ गेम बिघडलाय म्हणून. मला वाटलं हसेल. हसली नाही. माझी पर्स स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि जिना उतरताना माझा दंड धरून चालली, जणू नजर माझीच गेलीय. डॉक्टरीणबाई उद्या भेटणार.

२० सप्टेंबर

दोन्ही डोळे. ताईपेक्षा पुढे गेलेले, आणि खूप आधीपासून.

पहिला थेंब ताईने घातला. हनुवटी धरून म्हणाली, "वर बघ."

मशीन चालूच होतं. एकदाही बंद पडलं नव्हतं.