वाळत घातलेले हातमोजे

प्रिय ठेंगू,

तुझं पत्र पोचलं. लांबीच्या शोकसभेत तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "आठ महिने हिने बहिणीसारखं केलं." मी मान खाली घातली, तर लोकांना तो विनय वाटला.

शाळेत आपण तिघी एका बाकावर. तू भिंतीकडे, लांबी मध्ये, मी चिक्कू कडेला. लांबीची वेणी तू माझ्या दप्तराला बांधून ठेवायचीस. नवऱ्याने मरताना तिच्यासाठी मागे ठेवला तो एड्स, आणि कळेपर्यंत औषधांची वेळ टळून गेली होती. तिचं मागणं साधं होतं. नळ्या नकोत, दवाखाना नको, आपल्या खोलीतून नीट विंचरलेल्या केसांनी जायचं. मी म्हटलं, "मी आहे ना!"

घरी येणाऱ्या नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हात लावल्याने काही होत नाही हो ताई. रक्त असेल तरच मोजे घाला." मी मॅट्रिक आहे, तिने दिलेलं पत्रकही दोनदा वाचलं. तरी भरवताना मोजे, उशी सरकवताना मोजे. टाकवत नसत, म्हणून धुऊन तिच्याच खिडकीत दोरीवर वाळत घालायचे. पडल्या पडल्या ती बघायची. "चिक्कू, किती गं तुला हात!" म्हणून हसायची. मीही हसायचे. जपाला बसताना मात्र मोजे काढायचे. देवापुढे रबर कसं चालेल?

विंचरताना केस रबरात अडकून तुटायचे. तिचे डोळे भरून यायचे, पण मोजे काढ असं एकदाही म्हणाली नाही. एका दुपारी म्हणाली, "कापून टाक बाई. तुलाही त्रास, मलाही." मी कापले.

शेवटच्या आठवड्यात तू आलीस. तिच्या डोक्यावरून उघडा हात फिरवत रडलीस, "मेल्या आजाराने केसही नेले गं!" ती माझ्याकडे बघत होती. वाटलं, आता सांगणार. तिने डोळे मिटले आणि तुझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

आता तू लिहितेस, सभेतलं बोलणं शाळेच्या अंकात छापायचंय. माझं नाव काढून टाक. सोबतच्या पुडक्यात तिचे केस आहेत. कापल्यावर ते धुतले, मोजे काढले आणि बोटांनी पेड घालून वेणी केली. तिच्यापासून तुटल्यावर मला त्यांची भीती वाटली नाही. माझ्या घरात ती वेणी ठेवू नये. तू ठेव.

तुझीच,
चिक्कू