भिंतीपलीकडचं ओझं

थ्वेटगिल,
रविवार, १७ नोव्हेंबर

लाडक्या ब्रायनी,

चॅपलहून आलो, चहा टाकला आणि लिहायला बसलो. फोन करू नका म्हणालीस ते लक्षात आहे. "कॅलमबद्दल सरळ बोलता येईल तेव्हा फोन करा, बाबा. आणि त्याच्याबरोबर एका टेबलाशी बसता येत नसेल, तर नाताळला मी येणार नाही." म्हणून पत्र. पत्रात मला मध्येच कोणी अडवत नाही, आणि मीही रागाने फोन ठेवून देऊ शकत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. मेंढे कळपात सोडले. थोरल्या मेंढ्याने पहिल्याच दिवशी कुंपण मोडलं आणि शेजाऱ्यांच्या माद्यांत जाऊन उभा राहिला. गोठ्याचं छप्पर वाऱ्याने थोडं उचकटलंय. माझी तब्येत बरी आहे.

काल क्लबची ओझ्याची शर्यत झाली. यंदा हार्वी प्लंबर बायकोचा झगा घालून धावला आणि पहिल्याच ओढ्यात झग्यासकट बसला. बाकी सगळं तुझ्या लहानपणी होतं तसंच. प्रत्येकाच्या पाठीवर पंधरा किलो बटाटे नाहीतर सलगम, डोंगर चढायचा, पलीकडच्या खोऱ्यात चॅपलच्या हॉलमध्ये उतरायचं, आणि आणलेलं शिजवून सगळ्यांनी रात्रीचं जेवायचं. निघताना एनिड कोकरं तोलायच्या काट्याला प्रत्येकाची पिशवी टांगून बघते. पोहोचल्यावर कोणी बघत नाही. आपल्याकडे ते शब्दावर चालतं.

यंदा पोहोचल्यावरही वजन करा, असं मी क्लबच्या बैठकीत म्हटलं.

एनिड म्हणाली, "कशाला रे मार्टिन? बटाटे चोरून कोण श्रीमंत होणार आहे?"

मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम. ज्याचं कमी भरेल त्याने सगळ्यांचे बटाटे सोलायचे."

सगळे हसले आणि हो म्हणाले. हे मी कोणासाठी केलं, ते तुला कळलंच असेल.

ब्रायनी, त्या कॅलमबद्दल माझ्या मनात काय होतं ते आज लिहितोच. तू न्यूकॅसलला, आणि हा तुझ्यासाठी म्हणून इथल्या धरणावर नोकरी धरतो, एनिडच्या माडीवर भाड्याने राहतो. जिच्यावर जीव ती लांब, आणि तिच्या बापाचं रान जवळ. हा कसला जीव लावणं? रविवारी मदतीला यायचा. काम चांगलं करायचा, पण बोलायचा कमी आणि बघायचा फार. मी वळलो की याची नजर माझ्यावर. आणि प्रश्न तरी कसले? आपली हद्द कुठपर्यंत, वरच्या गेटाला कुलूप असतं का, किल्ली कुठे ठेवता, जीप कुठवर चढते. उद्या सगळं आपलं व्हायचंय अशी पाहणी चाललीय, असं मला वाटे. एकदा पबमध्ये शर्यतीचा विषय निघाला तेव्हा हसून म्हणाला, "खाली उतरल्यावर कोण मोजतंय?" सगळ्यांनी ते थट्टेत घेतलं. मी नाही घेतलं.

शुक्रवारी चॅपलमध्ये एकटाच बसून मी प्रार्थना केली. खरं काय ते सगळ्यांसमोर येऊ दे, एवढंच मागितलं. मनात त्याचंच नाव होतं.

काल वर धुकं होतं. मी सावकाश चढलो. एकदोनदा थांबलो, मेंढ्या बघायला. कॅलम माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान, तरी पुढे जाईना. सतत माझ्या मागे चार पावलांवर. मी थांबलो की हाही बुटाची नाडी बांधायला वाकायचा. म्हटलं, बघतोय, म्हातारा कुठे दमतोय.

डोंगरमाथ्यावरची भिंत आली. तिथे पाठीवर ओझं घेऊन चढायचं नाही, दगड निसटतात. पिशवी काढून पलीकडच्याच्या हातात द्यायची आणि मग रिकाम्या अंगाने पायऱ्या चढायच्या, हे तुला मीच शिकवलंय. कॅलम आधी पलीकडे गेला. मी माझी पिशवी त्याच्या हातात दिली. मग भिंतीला हात टेकून थोडा उभा राहिलो. थोडा म्हणजे बराच वेळ. वर चढून बघतो तर हा धुक्यात उकिडवा बसलाय, स्वतःच्या पिशवीचं तोंड उघडं, आणि मला बघताच घाईघाईने बंद आवळतोय.

सापडला, असं मी मनात म्हटलं. टाकले बटाटे गवतात.

खाली काटाच बोलेल, म्हटलं. पिशवी पाठीवर घेतली आणि उतरायला लागलो. काय सांगू, ओझं एकदम हलकं वाटलं. देवाने बळ दिलं असं वाटून मी चालता चालता त्याचे आभार मानले. कॅलम मात्र मागे पडला, धापा टाकत, दोनदा घसरला. म्हटलं, नाटकही येतं याला.

हॉलमध्ये माणसं गरम चहाभोवती उभी होती. एनिड काटा घेऊन गाडीने आधीच पोहोचली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "एनिड, आधी कॅलमची पिशवी काट्याला लाव."

"मिस्टर फॉसेट, राहू द्या ना," तो म्हणाला. "सगळे भुकेले आहेत."

"लाव, एनिड."

एनिडने लावली. काटा पंधराच्या पुढे गेला आणि पुढे जातच राहिला, वीसच्याही पलीकडे. हार्वी म्हणाला, "पोरा, धरणाचे दगड भरलेस काय रे?" मी म्हटलं काटा बिघडलाय. "मग तुझीच लावून बघू," एनिड म्हणाली आणि तिने माझी पिशवी टांगली. दहाच्याही खाली.

 सगळा हॉल हसला. कॅलमच तेवढा हसला नाही. म्हणाला, "माझी चूक. भिंतीपाशी पिशव्या उघडल्या होत्या, बटाटे सांडले, भरताना गोंधळ झाला." पण नियम माझाच होता. हार्वीने थट्टेने आपला ओला झगा मला घातला आणि एनिडने हातात सुरी दिली. मागितलेलं सगळं मिळालं, ब्रायनी. खरं काय ते सगळ्यांसमोर आलं.

स्वयंपाकघरात मी मोरीशी उभा राहून सोलत होतो. कॅलम आला, दुसरी सुरी घेतली, शेजारी उभा राहिला. मी दार लोटून घेतलं.

"माझ्या पिशवीतले बटाटे तू काढलेस."

"हो."

"मला हसं करायला?"

"तुम्ही वजन करायला लावाल हे लक्षातच राहिलं नाही. तेव्हा फक्त तुम्ही खाली पोहोचावं एवढंच होतं."

"मी दर वर्षी पोहोचतो."

तो बटाटा फिरवत राहिला. मग म्हणाला, "मिस्टर फॉसेट, तुम्ही मेंढ्या बघायला थांबता ना, तिथे मेंढ्या नसतात."

मी पुढचा बटाटा उचलला.

"माझे वडील दुकानांपाशी थांबायचे. चढावरची दुकानं. बायकांच्या टोप्या मांडलेल्या असायच्या, त्या बघत उभे राहायचे, एक हात असा कोटात. आम्ही भावंडं चिडवायचो त्यांना, कुठली घेणार म्हणून." त्याने सोललेला बटाटा पाण्यात सोडला. "आईला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तोवर झालं होतं सगळं."

"आणि गेट? किल्ली?"

"अँब्युलन्स वरपर्यंत कुठून येईल, ते बघत होतो. कुलूप तोडण्यात वेळ जायला नको."

वर लिहिलंय ना, माझी तब्येत बरी आहे? ते मी खोडत नाही. मी तुला कसं फसवत होतो ते तुला दिसू दे. चढावर छातीत कोणी मूठ आवळल्यासारखं होतं, डावा हात जड पडतो, थांबलो की जातं. उन्हाळ्यापासून आहे. तुझी आई असती तर तिने पहिल्या दिवशी ओळखलं असतं. मी देवाला सांगितलं, डॉक्टरला नाही, आणि त्यालाच मी श्रद्धा म्हणत होतो. खरं म्हणजे भीती होती. रान विकावं लागेल याची, आणि तू काम सोडून घरी येशील याची.

"ब्रायनीला सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही. ते तुम्हीच सांगायचं. पण आठवड्याच्या आत. नाहीतर मी सांगणार, मग तुम्ही मला दारात उभं केलं नाहीत तरी चालेल."

तेव्हासुद्धा एकदा मनात आलं, हा दाब टाकतोय, याला आता माझ्यावर पकड मिळाली. माझं मन असं आहे. आज चॅपलमध्ये गुडघ्यावर बसलो तेव्हा या एकाच गोष्टीसाठी रडू आलं: मुलीवर जीव लावणारा माणूस महिनोन् महिने माझ्याकडे बघत होता, आणि मला त्यात जमीन मोजणारा दिसला.

मंगळवारी गावातल्या दवाखान्यात जायचंय. सकाळी कॅलमनेच ऑनलाइन नंबर लावला, मी नको म्हटलं नाही. गाडीही तोच चालवणार. तू धावत येऊ नकोस. डॉक्टर काय म्हणतात ते त्याच दिवशी फोनवर सांगेन, आता मला सरळ बोलता येतं. नाताळला मात्र ये. तो कुठे बसेल, हे तू आणि तो ठरवा. मी बसेन जिथे बसवाल तिथे.

टपालपेटीपर्यंतचा चढ मला आज नको. कॅलम खाली अंगणात लाकडं फोडतोय, हे त्याच्याच हातून पाठवतो. पाकीट मी चिकटवलेलं नाही.

तुझी वाट पाहणारा,
बाबा