सव्वातेरा तासांचा दिवस

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
मळा, ता. अक्कलकोट
दि. ६ जुलै २०२३

चि. दिग्विजय यास अप्पाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. मी आणि तुझी अव्वा खुशाल आहोत. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि तू निम्मंच बोलतोस, म्हणून बापाचं हे पत्र.

तू लाहौलहून हॉपच्या चार मुळ्या पाठवल्यास, त्यातल्या दोन मेल्या. चूक माझीच. वेली पुरुषभर चढल्या आणि थांबल्या. मला वाटलं, फुलायचं मनावर घेत नाहीत, तर सीताफळासारखा ताण द्यावा. पाणी तोडलं, पानं गळू दिली, तीन आठवड्यांनी पुन्हा पाणी सोडलं. सीताफळ अशा छळानंच फुलतं. हॉप मात्र सुकली ती सुकलीच. उरलेल्या दोन अव्वानं माझ्या नजरेआड पाणी घालून जगवल्या. या फुलानं बिअर कडू करतात हे तिनं गावात कुणाला कळू दिलेलं नाही. विचारेल त्याला औषधी वेल म्हणून सांगते.

हायब्रीड सीताफळं बहरलीत, पण त्यांचे लाड तुला ठाऊक आहेत. गावठी झाड आपलं आपण फळतं. याला सकाळी ब्रश घेऊन फुलाफुलाला पराग लावावा लागतो आणि माझी बोटं आता थरथरतात. शंभर फुलांत अकरा धरली. मजूर लावून पाहिला, त्यानं फुलंच मोडली. अव्वाला कळी कुठली नि फूल कुठलं हेच दिसत नाही.

गेल्या दिवाळीला तू म्हणाला होतास, ज्या वर्षी हॉप आपल्या मळ्यात फुलेल त्या वर्षी नोकरी सोडून कायमचा घरी येईन. तर त्या वेलीला काय काय लागतं ते सविस्तर लिही. कळावे, जिवाला जपावे.

तुझा अप्पा

॥ श्री ॥
लाहौल, हिमाचल प्रदेश
दि. २ ऑगस्ट २०२३

ती. अप्पांस दिग्विजयचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. हॉपला ताण देणारे जगात तुम्ही पहिलेच असाल.

सीताफळाला उन्हाचा चटका लागतो, पाण्याची ओढ लागते आणि हायब्रीड असेल तर माणूस लागतो. हॉपचं सगळं उलटं. तिची मुळं दोन महिने थंडीत निजायला हवीत, इथं ती बर्फाखालीच असतात. जागी झाली की पाणी भरपूर हवं आणि उजेड लांबलचक हवा. आमच्याकडे उन्हाळ्यात सव्वाचौदा तास उजेड असतो. आपल्याकडचा मोठ्यात मोठा दिवस सव्वातेराचा. एवढ्यावर वेल उंच व्हायच्या आतच तिला वाटतं, दिवस आखडले, आता निजावं. दिवस काही कुणाला ओढून लांबवता येत नाही, अप्पा. त्या वेलीचा नाद सोडा.

परागीकरणाला बार्शीकडचा कुणी सराईत माणूस बघा. तिकडं ते काम जाणणारे मिळतात. अव्वाला नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.

आपला
दिग्विजय

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
मळा
दि. २० नोव्हेंबर २०२३

चि. दिग्विजयास आशीर्वाद.

बार्शीचा माणूस आला होता. चार दिवस राहिला आणि आपला मळा लांब पडतो म्हणून गेला. परक्या माणसावर हे झाड जगत नाही, हे आता मी धरून चाललोय.

हॉपचा मात्र बंदोबस्त केला. दोन्ही मुळ्या उकरल्या, ओल्या भुशात गुंडाळून डब्यात भरल्या आणि आपल्या द्राक्षबागवाल्या सिद्धलिंगप्पाच्या ओळखीनं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवल्या. बेदाणा निजतो तिथं या का निजणार नाहीत? तो पोट धरून हसला, पण डब्यावर तुझं नाव त्यानंच लिहिलं. उजेडाचंही जमतंय. शेजारचा नवनाथ बिनमोसमी फळासाठी ड्रॅगन फ्रूटवर रोज दिवे लावतो, त्याचे जुने बल्ब मागून आणलेत. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी दोन तास दिवस वाढवू.

अव्वा म्हणाली, म्हातारपणी ह्यास्नी लई याड लागलंय. पण तारा ओढायला खांब तिनंच धरले. तू काळजी करू नकोस.

तुझा अप्पा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
मळा
दि. ११ ऑगस्ट २०२४

चि. दिग्विजयास अनेक उत्तम आशीर्वाद.

फुलली! घराच्या पत्र्याच्या वर गेली आणि फुलली. हिरवी, खवल्याखवल्यांची तेवीस फुलं मी मोजली. एक पाकिटात घालतोय. खरं आहे का ते तू बघ, मी काही त्यातला जाणकार नाही.

सीताफळाची यंदा दैना आहे, शंभरात चार फळं धरली. पण आता तू येतोस म्हटल्यावर मला त्याचं काही वाटत नाही. पुढचा बहार तुझ्या हातचा. अव्वानं तुझी खोली सारवून घेतली आणि तू येणार म्हणून गावात सांगूनही झालं. कधी निघतोस ते कळव.

तुझा अप्पा

॥ श्री ॥
लाहौल
दि. ३० ऑगस्ट २०२४

ती. अप्पांस सा. न. वि. वि.

फूल खरं आहे. चुरडल्यावर वास तोच आला.

अप्पा, मी येणार नाही. त्या दिवाळीला तुम्ही दोघं समोर बसला होतात आणि मला नाही म्हणवलं नाही, म्हणून जे होणार नाही असं वाटत होतं तीच अट घालून बसलो. तुम्ही ते करून दाखवाल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. इथं मला कुणी अडवलेलं नाही. मला बागच नको आहे. लहानपणापासून नको होती. ती माझ्यावाचून जगत नाही हे कळतं, तरी यावंसं वाटत नाही. याची मला लाज वाटते, पण खोटं आता पुन्हा लिहवत नाही.

क्षमा मागायलाही तोंड नाही.

दिग्विजय

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
मळा
दि. १८ सप्टेंबर २०२४

चि. दिग्विजयास आशीर्वाद.

पत्र मिळालं. खरं लिहिलंस ते बरं केलंस. मला राग आला होता, दोन दिवस जेवण गेलं नाही. आता राग नाही, नुसतं रिकामं वाटतं. तुझं पत्र आल्यापासून झाडांना मी ब्रश लावलेला नाही. पुढंही लावणार नाही.

तुझं पत्र अव्वाला वाचून दाखवलं नाही. तिला सांगितलं की दिग्विजयनं तपासलं, ते हॉपचं फूल नव्हे, दुसऱ्याच कसल्या जातीची वेल निघाली. ती म्हणाली, तर काय झालं, दुसऱ्या मुळ्या मागवू की, पुढल्या वर्षाला फुलतील. मी हो म्हणालो.

तेव्हा चार मुळ्या पाठव. आणि फोनवर तिनं विचारलं तर फूल दुसरंच होतं असं सांग. मला ऐकू येत नाही, तूच सांभाळून घे.

तुझा अप्पा