गरम खोलीत मांडी

अव्वा, पोरीचं डोस्कं चालत न्हाई म्हणून तिसरीतून काढलं, असं तू जनवाड्यातल्या बायांना सांगायचीस ते खोटं व्हतं, आन तुलाबी ते ठावं व्हतं. डोस्कं माझं चांगलं चालत व्हतं. चालत न्हवते ते तुझे गुडघे. चुलीपुढं बसलीस की तुला उठता येईना, म्हणून मला बसवलंस. सरळ सांगितलं असतंस तर मी बसले असते की. पण दुखतंय हे तू उभ्या जन्मात कुणाला म्हणली न्हाईस. भिंतीला टेकून उभी राहायचीस आन तिथनं हुकूम, उरक, एका भाकरीला इतका येळ कामून लागायलाय. मी उरकायला शिकले. आजबी एक काम माझ्या हातून निवांत होत न्हाई. नवरा म्हणतो, ही चहा पिते ते बस सुटायल्यागत.

आता माझेबी गुडघे गेले. लेकीनं मला बिदरात योगाच्या क्लासात घातलंय. पिठाच्या गिरणीवरची खोली, खिडक्या बंद, भिंतीला हीटर. मुद्दाम तापवतेत. पहिल्या दिवशी मी म्हणले, वैशाखात एवढा खटाटोप कशाला, माझ्या घरच्या पत्र्यावर येऊन बसा. बाया हसल्या. शिकवणारी पोरगी माझ्या लेकीहून बारकी, ती हसली न्हाई. म्हणली, अक्का, तोंड बंद, श्वास नाकानं. हात भुईला टेकून कंबर वर केली की गळ्यातलं लिंग हनुवटीवर आपटतंय. काढून ठेवा म्हणली. मी म्हणले, हे आम्ही लिंगायत मेल्यावरबी काढत न्हाई. मग गप पोलक्यात खोचलं.

लेकीला वाटतंय, नीट चालता यावं म्हणून मी जाते. चालून कुठं जायचंय मला. आपल्यात माणसाला आडवं न्हाई, मांडी घालून बसवून माती देतेत. माझी मांडी माझी मी घालून ठेवावी, कुणाचा हात लागू नये, म्हणून मी जाते. तुझं बघितलंय मी.

अकरा वर्षं झाली. तू पहाटे गेलीस, आम्हाला दिवस वर आल्यावर कळलं. तवर अंग ताठलेलं. एक पाय लांब, एक अर्धा दुमडलेला. न्हाऊ घालणारी म्हातारी म्हणली, गरम पाण्यानं शेका, घटकाभर दम धरा, सैल होतील. अंगणात माणसं खोळंबली व्हती, ऊन चढायलं व्हतं, खड्डा कधीच खणून झाला व्हता. पुढचं सगळे असं सांगतेत की काकानं गुडघे दाबले. वाळली तुरकाठी मोडावी तसा आवाज आला, दोनदा. मग तू बसलीस. हार घातल्यावर बाया म्हणल्या, कशी शोभून दिसायलीय.

गेल्या मंगळवारी क्लासात मांडी घालून बसले व्हते. डावा गुडघा चटईपासून वीतभर वर. मला कुठला दम. दोन्ही हातानं दाबायला लागले. पोरीनं मनगट धरलं. म्हणली, “अक्का, दाबायचं न्हाई. गरमीनं सांधा आपोआप सुटतो. त्याला येळ द्या.” मी हात काढले. घाम गळत राहिला, खालची गिरणी घरघरत राहिली, मी बसून राहिले. जन्मात इतकी गप बसले नसेन. आन गुडघा खाली आला, अव्वा. कुणी दाबला न्हाई, आपला आपण आला. मी उठले आन चपला न घालताच जिना उतरले.

त्या दिवशी काका माझ्याकडं बघून म्हणला व्हता, “थांबायचं का गं?” पाणी चुलीवर व्हतं. उकळायलाबी लागलं व्हतं.

“दाबा,” मीच म्हणले.

आजवर हे कुणाला सांगितलं न्हाई. लोक काकाला बोलले, तो बिचारा ऐकून घेत गेला आन तसाच मेला. उरक, उरक करून मला अशी तू केलीस, हेबी खरं हाय, ते मी मागं घेत न्हाई.

लेकीच्या जुन्या वहीत लिहायलेय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार. सोमवारी परत क्लास हाय, आन त्या चटईवर बसायचं का न्हाई ते मला कळंना. जन्मभर दुखणं लपवलंस, एवढं एक लपवू नको. सपनात ये, कशीबी ये, पण सोमवारच्या आत सांग. तवा दुखलं का तुला?