खालच्या खाचरातली माती

प्रिय दादा,

आज सकाळी वेण्णेच्या काठी तुला जाळून आलो. तुला म्हणजे पळसाच्या पानांच्या पुतळ्याला. डोक्याच्या जागी भटजींनी नारळ ठेवला होता. ब्रह्मदेशातून तुझं काहीच परत आलं नाही, आणि भावकी म्हणाली, लढाई संपली, पलटणीचा कागद आला, आता क्रिया उरकून घ्या. उरकून! तो शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. तुझ्याशी बोलल्याशिवाय आज घास उतरणार नाही, म्हणून लिहितोय. टपालात कुठल्या पत्त्यावर टाकणार, ते विचारू नकोस.

तुला आठवतं, शेवटच्या रजेवर तू मला न्यायला सांगलीला आला होतास? कॉलेजात त्या वर्षी एक सर चीन-जपानचा इतिहास शिकवायला आले होते, आणि मी त्यांच्या व्याख्यानाला निघालो होतो. खोलीच्या दारात उभा राहून तू हसलास. "गड्या, चीन-जपानसाठी एवढं तेल लावून कुनी भांग पाडत न्हाई. पोरगी कोन हाय?"

कसं ओळखलंस रे? कुसुम होती ती. पहिल्या बाकावर बसायची, आणि मी अशा जागी की तिची वेणी दिसावी.

मग साताऱ्याहून मेढ्याच्या मोटारीत बसलो. खिडकीबाहेर बघत तू म्हणालास, "ती जपानी मानसं कशी असत्यात रं? आमाला झाडीतनं निस्ती टोपी दिसती. तू शिकतोयस तर नीट ऐक, आन् मला सांग."

ऐकलं, दादा. तेव्हापासून खरंच ऐकायला लागलो. सर चित्रं दाखवायचे. डोंगरउतारावर भाताची खाचरं, त्यात वाकून लावणी करणारी बाई. ही तर आपली जावळीच! चहा पिण्याचेसुद्धा त्यांचे केवढे सोपस्कार; ऐकून तू पोट धरून हसला असतास. सगळं तुझ्यासाठी साठवत होतो. आणि तू बेपत्ता असल्याची तार आली.

तरी जात राहिलो. तुला सांगायचं कबूल केलं होतं ना! एक दिवस सर सांगू लागले: जपानी शिपाई लढाईला निघताना आपली कापलेली नखं आणि केसांची बट घरी ठेवून जातो. देह परत आला नाही, तर घरच्यांना निरोप द्यायला त्याचं काहीतरी असावं म्हणून. कुसुमनं पदर डोळ्यांना लावला.

मी ताडकन उठलो. "त्यांच्या नखांसाठी रडताय? माझ्या भावाचं काय आहे आमच्या घरी?"

"बाळ, बस," सर म्हणाले. "माझं अजून संपलं नाही."

मी बसलो नाही. व्हरांड्यात कुसुम मागून धावत आली. "अहो, मी तुमच्या दादांच्या आठवणीनं रडले."

"आमच्या दादाचं नाव काढायचं नाही तुम्ही!" म्हणालो, वळकटी बांधली आणि गाव गाठलं. कॉलेज सुटलं ते सुटलंच. ह्या वैशाखात तिचं लग्न झालं, मिरजेत. तू असतास तर पाठीत एक रट्टा घालून मला माघारी धाडलं असतंस. का नव्हतास?

आज आईनं पुतळ्याची तिरडी अंगणातून हलू दिली नाही. "पानांचा न्हाई माझा ल्योक. न्हिऊ नगा." भावकी समजावून थकली. मी तिच्यावरच ओरडलो, "मग काय नेऊ? त्या जपानी आया निदान पोराची नखं तरी जपून ठेवतात! शिकलोय मी. तुझ्याकडं काय आहे?"

आईनं आपल्या हातांकडं पाहिलं. तू निघायच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसून नखं काढत होतास. केवढी खवळली होती ती! "दिवं लागायच्या येळंला नखं काडत्यात व्हय? इडापिडा यील घरात." तुला काही होऊ नये म्हणून एकूण एक नख तिनं वेचलं आणि उकिरड्यावर टाकलं.

"म्याच टाकली रं," ती म्हणाली. "ह्या हातांनी टाकली."

मग चालू लागली. त्या साली उकिरड्याचं खत खालच्या खाचरात पडलं होतं. तिथं बसून तिनं हातांनी माती उकरली, ओंजळभर आणली आणि पानांच्या छातीवर घातली. "आता न्ह्या. ह्यात आसंल त्यो."

असशील का रे त्यात? मला नाही वाटत. आईलाही वाटत नसावं. मातीचे हात मांडीवर ठेवून ती भिंतीकडं तोंड करून बसलीय. हात धू म्हटलं तर ऐकत नाही.

तू विचारलं होतंस, ती माणसं कशी असतात. तिकडंही कुणी बाई नखांची पुडी घेऊन अशीच बसली असेल, दादा. तिचा मुलगा कदाचित तुझ्याच गोळीनं... जाऊ दे. ह्याच्या पुढचं मला ठाऊक नाही. सरांचं संपायच्या आधीच मी उठून आलो.

तुला वचन देतो: खालच्या खाचरात ह्यापुढं पायताण घालून कुणी उतरणार नाही. भावकी असो की मामलेदार, उतरला तर गाठ माझ्याशी आहे. आणि आई हात पुढं करेपर्यंत मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्याशेजारी बसून राहीन.

तुझा धाकटा,
नामदेव