टीव्हीवरचा पंचा

मंगळवार, १४ मे.

आजही टँकर आला नाही. सकाळी दूध संस्थेत जाऊन यांचा डबा आणि छत्री आणली.

हे गेल्याला महिना झाला. त्या दिवशी सुतक म्हणून टीव्ही बंद करून त्यावर यांचाच पंचा टाकला होता, तो आजवर तसाच होता. आज रात्री साडेदहाला सासूबाई म्हणाल्या, "काढ त्यो पंचा. माझ्या दत्ताच्या आवडीचा कार्यक्रम लागला असंल." यांचा आवडता विनोदी कार्यक्रम. आवाज बारीक ठेवून लावला.

एका प्रवेशात डेअरीचा चेअरमन होता. गिऱ्हाईक विचारतं, दूध एवढं घट्ट कसं? तो म्हणतो, "दुष्काळ आहे बाबा. घालायला पाणी कुठंय?"

मी मोठ्यानं हसले आणि लगेच तोंडावर पदर धरला. हाच विनोद हे संस्थेत दूध मापताना रोज करायचे, घरी येऊन मलाही सांगायचे. मी कधी हसले नाही. उलट एकदा मीच म्हणाले होते, "किती वेळा तेच?" मग आज परक्या माणसाच्या तोंडून ऐकून कसं हसू आलं?

सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "आमचा दत्ता ह्याच्यापरीस बरं सांगायचा."

"हो, आत्या."

"मग तवा का हसत न्हवतीस?"

मी टीव्ही बंद केला.

त्या झोपल्यावर पंचा परत टीव्हीवर टाकायला घेतला. दुधाचा आंबूस वास अजून होता. टाकला नाही. हंड्यात सकाळच्या चहापुरतंच पाणी उरलं होतं. त्यात पंचा धुतला आणि दोरीवर वाळत घातला.